सस्तन प्राण्यांचे सोवळे

चौतीस वर्षे मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवले. पृष्ठवंशी प्राण्यांचे वर्ग फळ्यावर लिहिता लिहिता मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी असे करीत ‘सस्तन’ या शब्दाशी आले, की वर्गात कोणी खाकरत नसे, कोणी मान खाली घालीत नसे. शाळेतल्या पोराटोरांनाही हा शब्द पाठ असतो. गाय सस्तन, वटवाघूळ सस्तन, समुद्रातला देवमासा सस्तन आणि आपण स्वतःही सस्तन. ज्या अवयवावरून साऱ्या वर्गाचे बारसे झाले तो अवयव त्या शब्दात राजरोस बसलेला आहे. पण आधी एक ‘स’ लागलेला आहे ना, मग कोणाची हरकत नाही! तोच शब्द ‘स’ची सोबत सोडून एकटा कॉलेजच्या सूचनाफलकावर आला, की प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सर्वांना घाम फुटतो.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. ज्या तालुक्याच्या गावी माझी नोकरी झाली तिथल्याच एका कॉलेजातली, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली ही हकीकत आहे. कॉलेजचे नाव सांगत नाही; त्या जागी आपल्या गावचे कोणतेही नाव घातले तरी हकीकतीत फारसा फरक पडणार नाही. महिला विकास कक्षाच्या मुलींनी एक सूचना लिहून कार्यालयात दिली : ‘स्तनांचे आरोग्य : माहिती आणि शंकासमाधान’. ती परत आली ती तांबड्या शाईने न्हाऊन. मथळा झाला होता ‘महिला आरोग्य जागृती सप्ताह’. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “पालक येतात-जातात, बाई. बरं दिसत नाही.” त्याच फलकावर, हातभर अंतरावर, प्राणिशास्त्र विभागाची सूचना लागली होती : ‘सस्तन प्राण्यांच्या कवट्या : प्रात्यक्षिक, गुरुवारी’. पालकांना कवट्या बऱ्या दिसत असाव्यात.

मग तो सप्ताह साजरा झाला. मलाही निवृत्त प्राध्यापिका म्हणून आमंत्रण होते. सर्व मुलींनी गुलाबी कपडे घालून यावे असा हुकूम निघाला होता. दाराशी गुलाबी फितीच्या आकाराची रांगोळी, तिच्यापाशी फोटो काढून घेण्यासाठी पुठ्ठ्याची चौकट, व्यासपीठावर संस्थेचे तीन पदाधिकारी, तिघेही पुरुष, आणि कडेच्या खुर्चीत गावातल्या डॉक्टरीणबाई. पदाधिकाऱ्यांनी नारीशक्तीवर पाऊण तास घेतला. जिजाऊ झाल्या, सावित्रीबाई झाल्या, कल्पना चावलाही होऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंच्या वाट्याला बारा मिनिटे आली; आणि बहुधा आधीच कानात सांगून ठेवलेले असावे, कारण ‘शरीराच्या काही भागांत’ गाठ येऊ शकते एवढ्यावर त्या थांबल्या. कोणत्या भागात, हे ज्याचे त्याने ओळखावे! शंकासमाधान झाले नाही. जिच्याविषयी शंका विचारायची तिचे नाव घ्यायला व्यासपीठावरच चोरी, तिथे अठरा वर्षांच्या मुलीने उभे राहून विचारायचे कसे? फोटो मात्र भरपूर निघाले. ते नॅकच्या अहवालात जातील आणि अहवाल वाचणाऱ्यांची अशी समजूत होईल, की या कॉलेजातल्या सर्व मुली आता जागृत झाल्या.

मला या प्रकाराचा राग येतो. काहीच केले नसते तर निदान कोणी फसले नसते.

आपली संस्कृती, आपली मर्यादा वगैरे गोष्टी या वेळी हटकून पुढे केल्या जातात. मला मौज वाटते. याच कॉलेजची सहल दर दोन वर्षांनी वेरूळ-अजिंठ्याला जाते. तिथे प्राध्यापक मंडळी मुला-मुलींना शिल्पांपुढे उभे करून शरीराची वळणे आणि गोलाई समजावून देतात. संस्कृतच्या तासाला मेघदूतातल्या यक्षपत्नीचे वर्णन चालते तेव्हा कोणी तांबडी शाई काढीत नाही. म्हणजे स्तनांचे सौंदर्य चालते, पाषाणातले चालते, काव्यातले चालते, सिनेमाच्या जाहिरातीतले तर चौकाचौकांत चालते. चालत नाही ते फक्त त्यांचे आरोग्य. जिचे ते आहेत तिने त्यांच्याविषयी बोलणे, एवढेच काय ते अश्लील!

माझी आजी कोरेगावकडची, निरक्षर. तिच्या तोंडी ‘थान’ हा शब्द होता. शेळीचे थान आणि बाळंतिणीचेही थान. ‘थानाला गाठ आलीया’ असे ती ओसरीवर बसून, सुनांच्या देखत, वैदूलाही सांगे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आम्ही शिकलो आणि ‘छाती’ म्हणू लागलो. छाती म्हणजे हृदय, फुप्फुसे, बरगड्या असे सगळे एकत्र बांधलेले गाठोडे. डॉक्टरपुढे जाऊन ‘छातीत काहीतरी होतंय’ म्हटले तर तो बिचारा हृदयाचा आलेख काढतो. आमच्या मुली आणखी शिकल्या आणि ‘ब्रेस्ट’ म्हणू लागल्या. परक्या भाषेत लाज जरा कमी लागते, हे खरे. पण घरी आईला सांगायची वेळ आली की ते नाणे तिथे चालत नाही, आणि आजीचे नाणे तर आम्ही केव्हाच चलनातून काढून टाकलेले. अशी ही आमच्या शिक्षणाची कमाई.

ही लढाई महाराष्ट्राला नवी आहे असेही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा उघड प्रचार केला म्हणून १९२५ साली त्यांना मुंबईतल्या कॉलेजची नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत, खटले सोशीत, दंड भरीत, स्वतःच्या खिशातून चालवले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शरीराच्या अवयवाचे नाव घेणे आणि अश्लील लिहिणे यांत फरक आहे, एवढी साधी गोष्ट पटवण्यासाठी त्या माणसाने आयुष्य खर्ची घातले. आज आपण त्यांच्यावर नाटके लिहितो, प्रबंध लिहितो, आणि सूचनाफलकापाशी आलो की पुन्हा १९२५ सालात जाऊन उभे राहतो.

पण हा वाद केवळ शब्दाचा असता तर दिवाळीच्या अंकाची पाने मी त्यासाठी अडवली नसती. मी बारा वर्षे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, आणि न उच्चारलेल्या शब्दाची किंमत कोण भरते हे मी तिथे पाहिले आहे.

वसतिगृहाच्या गच्चीवर दोऱ्या होत्या. ऊन लख्ख. तरी मुलींच्या आतल्या कपड्यांवर टॉवेल, ओढणी, परकर काहीतरी पांघरलेलेच असे. पावसाळ्यात ते कपडे तसेच दमट राहत, तसेच अंगात चढत, आणि मग खाज, पुरळ, बुरशी. त्यावरही औषध आणायचे ते मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून. मापाचे कपडे घेणे तर दूरच. पुरुष दुकानदाराकडून वर्तमानपत्रात गुंडाळून मिळेल ते घ्यायचे आणि पळायचे. जिथे दोरीवरच्या कापडाची ही स्थिती, तिथे त्याच्या आतल्या शरीराची विचारपूस कोण करणार?

त्या काळातली एक मुलगी सांगते. पहिल्या वर्षाला होती, वय अठरा. आंघोळीच्या वेळी उजव्या बाजूला बोटाला गाठ लागली, सुपारीएवढी. बसस्थानकावर एक भित्तिपत्रक तिने पाहिलेले होते. त्यावर डोळे पुसणारी बाई आणि खाली ठळक अक्षरांत गाठ आणि कर्करोग असे दोन शब्द. झाले! पोरीने स्वतःचे निदान करून टाकले. तीन महिने ती कोणाशी बोलली नाही. मेसमध्ये जेवायला येईना, सत्र परीक्षेत दोन विषय राहिले. शेवटी तिच्या खोलीतल्या मुलीने मला सांगितले. आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. तपासणी, सोनोग्राफी, बारीक सुईने घेतलेला नमुना असे सगळे झाले, आणि ती निघाली फायब्रोअॅडिनोमा. पंधरा ते पस्तीस या वयातल्या मुलींना होणारी ही अगदी नेहमीची, निरुपद्रवी गाठ. बोटाखाली धरू गेले तर निसटते, म्हणून इंग्रज डॉक्टरांनी तिला ‘छातीतला उंदीर’ असे नाव ठेवले होते. काढायचीही गरज नव्हती. काही महिन्यांनी पुन्हा दाखवा, एवढेच सांगितले. परतीच्या गाडीत ती पोर दीड तास नुसती झोपली.

तिच्या आईला फोन केला तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, “व्रण तर राहणार नाही ना, बाई? उद्या बघायला येतील.” मी त्या आईला दोष देत नाही. तिच्या आईने तिला जे शिकवले तेच ती पुढे देत होती.

दुसरी हकीकत सांगताना हात जड होतो. तीन वर्षांपूर्वीची आहे. मी निवृत्त झालेली, पण मुली अजून घरी येतात. त्यांतल्या एकीच्या आईला श्रावणात गाठ लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. तो या रोगापुरता अगदी उलटा आहे. इथे पहिली गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो म्हणतात, पण हा येतोच मुंगीच्या पावलाने. त्या बाईने ठरवले, गौरी-गणपती होऊ देत. मग नवरात्र आले, घट बसले. मग दिवाळी. मग थोरलीचे लग्न माघात ठरले. त्याआधी घरात दवाखाना कशाला शिरू द्यायचा? मधल्या ऑक्टोबरात धाकटी कॉलेजातल्या गुलाबी कार्यक्रमाला जाऊन आली होती. ओढणीला फीत टाचलेली. आईने विचारले, हे काय ग? ती म्हणाली, “महिलांच्या आरोग्याचं काहीतरी होतं.” आईने ती फीत जपून देवघरातल्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. गाठ तेव्हा तिच्या अंगात होती आणि तिचे वर्णन करणारे एक वाक्यसुद्धा त्या फितीबरोबर घरात आले नव्हते. लग्न पार पडले, मग सांगितले. तोवर त्वचा फुटली होती. पुढचा श्रावण त्या बाईने पाहिला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली जे उद्दिष्ट ठरवले आहे त्यात एक कलम असे, की बाई लक्षण घेऊन आली की ६० दिवसांच्या आत तिचे निदान पुरे व्हावे. श्रावणापासून माघापर्यंत सहा महिने होतात, आणि ती तर अजून दवाखान्याच्या दारातही गेली नव्हती.

ही एकट्या एका घराची कथा असती तर नशीब म्हणून सोडून दिली असती. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १,९२,००० स्त्रियांना तो झाला आणि सुमारे ९८,००० त्याने गेल्या. श्रीमंत देशांत निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रिया शंभरात नव्वदाहून अधिक. आपल्याकडे, जागतिक आरोग्य संघटना सांगते, ६६. औषधे दोन्हीकडे तीच आहेत. फरकाचे एक मोठे कारण, आपल्या बायका उशिरा येतात. आणि यायचे तरी कसे? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले, की तुमच्या स्तनांची तपासणी आजवर एकदा तरी झाली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात पुरती एकही नाही! सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची ही तपासणी दर पाच वर्षांनी आरोग्यकेंद्रात व्हावी असे लिहिलेले आहे. लिहिलेले आहे, एवढे खरे.

आता एक आक्षेप घेतला जातो, आणि तो संस्थाचालकांचा नसून चांगल्या, अभ्यासू डॉक्टरांचा आहे. म्हणून त्याला मान देऊन उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, विशीच्या आतबाहेरच्या मुलींना हा कर्करोग क्वचितच होतो. त्यांना कशाला घाबरवता? दर महिन्याला आरशासमोर उभे राहून स्वतःची तपासणी करा म्हणून शिकवून तरी काय साधते? त्यांच्या हाती भक्कम पुरावा आहे. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या जणींना स्वतःची तपासणी पद्धतशीर शिकवली, निम्म्यांना नाही. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : दहा वर्षांत शिकवलेल्या गटात या रोगाने १३५ जणी गेल्या, न शिकवलेल्या गटात १३१. म्हणजे मृत्यू काही टळले नाहीत. निरुपद्रवी गाठींसाठी सुऱ्या-कात्र्या तेवढ्या जास्त चालल्या.

हे मला मान्य आहे, आणि जी मंडळी कॉलेजच्या मुलींना ‘दर महिन्याला शोधा, नाहीतर मराल’ असे सांगत फिरतात त्यांच्याशीही माझे भांडण आहे. बसस्थानकावरच्या त्या भित्तिपत्रकाने माझ्या मुलीचे तीन महिने खाल्ले, ते मी विसरलेली नाही. पण या पुराव्याचा अर्थ ‘म्हणून गप्प बसा’ असा निघत नाही. त्याच्या शेजारी आपल्याच मुंबईचा पुरावा ठेवावा. टाटा रुग्णालयाच्या लोकांनी १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत काम सुरू केले. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. त्यांतल्या निम्म्यांना दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका भेटत, हाताने तपासत, रोगाची माहिती देत. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत. २०२१ साली निष्कर्ष आले. गाठी लवकरच्या अवस्थेत सापडू लागल्या. आणि पन्नाशी व त्यापुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र असा फरक दिसला नाही. दोन्ही पुरावे जुळवून पाहिले, की मला त्यातून स्पष्ट दिसते ते असे : हा रोग शोधायची खरी जागा आईच्या, मावशीच्या, आत्याच्या वयात आहे, आणि त्या घराचा दरवाजा उघडू शकणारी मुलगी आज कॉलेजच्या बाकावर बसली आहे. तिला भीती नको. तिला नीट नाव हवे, थोडी खरी माहिती हवी आणि घरी जाऊन ती बोलायची सवय हवी.

तिच्या स्वतःसाठीही हवी, हे अर्थात आलेच. ते शरीर पुढली साठ वर्षे तिच्याबरोबर राहणार आहे. त्याची ओळख अठराव्या वर्षी नाही करून घ्यायची तर केव्हा? आणि ओळख म्हणजे टेहळणी नव्हे. किती मुली मनातल्या मनात कुढत असतात, की माझी एक बाजू दुसरीपेक्षा जरा मोठी आहे, हा काही रोग तर नाही? बहुतेकींची असते. पाळीच्या आधी स्तन जड होतात, ठणकतात, हाताला दाणेदार लागतात, आणि पाळी आली की बहुधा पुन्हा मऊ पडतात. हे शरीराचे पंचांग आहे. बोंडाभोवती एखाद-दोन केस असणे, जन्मापासून बोंड आत वळलेले असणे, यात काही बिघडलेले नसते. हे कोणी तरी जाणत्या बाईने, न लाजता, अर्धा तास सांगितले तर शंभरातल्या नव्वद मुलींच्या डोक्यावरचे ओझे उतरेल.

आणि मग उरलेला अर्धा तास दवाखाना केव्हा गाठायचा यासाठी. नवी गाठ, विशेषतः टणक आणि जागेवर रुतलेली, किंवा काखेतली. त्वचेला पडलेली खळी, किंवा संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा. आजवर सरळ असलेले बोंड आत ओढले जाणे. त्यातून आपोआप रक्त येणे. बोंडावरचे, मलमाने न जाणारे खरूजेसारखे चट्टे. यांतले काहीही दिसले तर वय न विचारता, दुखते की नाही न पाहता, दाखवायचे. तरुण मुलींत त्यातूनही बहुतेक वेळा काही वाईट निघत नाही. पण ते तिने घरी बसून ठरवायचे नाही, आईने नाही, आणि शेजारच्या काकूंनी तर मुळीच नाही.

या शेजारच्या काकूंचे एक लाडके मत आहे : गाठीला सुई लावली की कर्करोग पसरतो. गाठ छेडू नये म्हणतात. या एका वाक्याने आपल्या प्रांतात किती बायकांचे नुकसान केले असेल! सुईने नमुना घेतल्यावाचून गाठ कसली हे कळत नाही, आणि कळल्यावाचून उपचार ठरत नाही. सुईने रोग पसरून बाई दगावत नाही. सुई टाळून काढे-लेप करीत बसलेल्या महिन्यांनी दगावते. दुसरे एक मत मुलींच्या वसतिगृहात नेहमी ऐकू येई : काळ्या रंगाच्या अंतर्वस्त्राने कर्करोग होतो. होत नाही. घट्ट कपड्याने वळ उठतात, तेवढेच. उलट जे खरोखर विचारायला हवे ते कोणी विचारीत नाही : घराण्यात कोणाला झाला होता का? या कर्करोगांपैकी पाच ते दहा टक्के आनुवंशिक असतात, आणि तो दोष बापाकडूनही मुलीकडे येतो. आत्या तरुणपणी कशाने गेली, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. तुमच्या घरी विचारून पाहा. ‘काहीतरी आतलं दुखणं होतं’ असे उत्तर मिळेल. त्या ‘आतल्या दुखण्यां’च्या पोटात आपल्या कुटुंबांचा केवढा वैद्यकीय इतिहास गाडलेला आहे!

आता त्या गुलाबी फितीविषयी दोन शब्द. तिची जन्मकथा मुलींना सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत शार्लट हेली नावाच्या एका वयस्क बाईने १९९० च्या सुमारास घरच्या घरी पीच फळाच्या रंगाच्या फिती बनवून वाटल्या. प्रत्येक फितीबरोबर एक चिठ्ठी असे : राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या खर्चातले अवघे पाच टक्के प्रतिबंधासाठी जातात, आमच्या कायदेमंडळाला जागे करा. म्हणजे फितीला एक मागणी जोडलेली होती. पुढे एका मासिकाने आणि एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने तिच्याकडे फीत मागितली. हा तुमचा धंदा होईल, म्हणून तिने नकार दिला. तेव्हा त्यांनी रंग बदलला आणि १९९२ साली गुलाबी फीत बाजारात आली. चिठ्ठी गळून पडली ती तेव्हाच. आमच्या कॉलेजांनी घेतली आहे ती ही चिठ्ठी गळालेली फीत, आणि तीही स्वस्तातली.

मला कॉलेजांकडून फार मोठे काही नको. सप्ताह नको, रांगोळी नको, नारीशक्ती तर एखादे वर्ष विश्रांती घेऊ दे. आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एक खोली हवी. आतून कडी लागणारी आणि खिडकीला पडदा असलेली. तिथे एक बाई डॉक्टर किंवा चांगली शिकलेली परिचारिका बसावी. दारावर पाटी असावी आणि पाटीवर नाव असावे. काय तपासले, काय निघाले हे घरी कळवायचे की नाही, ते सज्ञान मुलीने ठरवावे. पुढे पाठवायचे तर कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी, कोणत्या विभागात, याचा कागद तिच्या हाती मिळावा. पैशाचे कसे हेही त्यावर असावे, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात हे अजून निम्म्या गावाला ठाऊक नसते. माहितीच्या तासाला मुलांनाही बसवावे. फिदीफिदी हसतील, पहिली दहा मिनिटे हसतील. माझ्या वर्गात प्रजननसंस्थेच्या धड्यालाही हसत, मग वह्या उघडून आकृती काढीत. त्यांनाही आया-बहिणी आहेत, आणि शंभरातला एखादा रुग्ण पुरुषही असतो, हे ऐकले की हसू आपोआप मावळते. एवढ्याला खर्च किती येईल? गुलाबी कपड्यांच्या सप्ताहाला मंडप, चौकट, हार-शाली मिळून आला त्याच्यापेक्षा कमीच.

“मुली बिघडतील,” असे एक संस्थाचालक मला म्हणाले. मी त्यांना विचारले, गाठ कोठे येते हे कळल्याने मुलगी नेमकी कशी बिघडते? ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी नव्या इमारतीचा विषय काढला.

असो. संस्थाचालक हा अंक वाचतील न वाचतील. तुम्ही घरचे लोक वाचता आहात, फराळाचे ताट मध्ये घेऊन. म्हणून तुमच्या घरातलेच एक दृश्य दाखवते. नरकचतुर्दशीला पहाटे साऱ्यांच्या आधी उठते कोण? बंब पेटवा, नाहीतर गीझर लावा, तेल कोमट करा, उटणे कालवा, नवऱ्याला, मुलांना, पाहुण्यांना हाक मारा, पाठी चोळा, ओवाळा. आणि सगळे न्हाऊन फराळाला बसले, की ती उरलेल्या पाण्याने दोन तांबे अंगावर घेऊन, ओल्या केसांनी पुन्हा स्वयंपाकघरात. वर्षातून एकदा अंगाला निवांत तेल लावायचा तो दिवस, आणि तिच्याच अंगाला हात लागत नाही, तिचा स्वतःचासुद्धा.

यंदा तिला आधी न्हाऊ द्यावे. कॉलेजात जाणाऱ्या लेकीने न्हाणीघराचे दार लोटून घ्यावे, आईच्या पाठीला तेल लावावे आणि लावता लावता विचारावे, “आई, तुझ्या स्तनात कधी गाठ-बिठ लागली आहे का ग?” आई आधी दटावील. दुसऱ्यांदा विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर तुळशीच्या लग्नापर्यंत थांबू नये. भाऊबीजेची सुट्टी संपली की सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग उघडतो. केसपेपरच्या खिडकीशी सकाळी लवकर रांग धरावी, म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरांची गाठ पडते.